वाचक विचारतात : पितळेची सूर्यमाला आणि दात्यांचा हिशोब

प्रश्न : मी टूलरूममधून रिटायर झालोय. भांडुपला घरी छोटं लेथ मशीन आणि एक जुनं डिव्हायडिंग हेड (दाते सारख्या अंतरावर कापायला चाक मोजून फिरवणारं उपकरण) आहे. हँडल फिरवलं की ग्रह आपापल्या वेगानं फिरतात तसलं पितळी मॉडेल करायचंय, फक्त शुक्र, पृथ्वी आणि मंगळ. मंगळासाठी ७९ आणि ४२ दात्यांची जोडी सगळ्यात अचूक असं कळलं, पण ७९ माझ्या हेडच्या भोकांच्या प्लेटवर बसतच नाही. आता काय करू?

उत्तर : ७९ चा नाद सोडा. मंगळाला एक फेरी मारायला ६८६.९८ दिवस लागतात, पृथ्वीला ३६५.२६, भागाकार येतो १.८८०८. तुमचे ७९ भागिले ४२ म्हणजे १.८८१० आणि ४७ भागिले २५ म्हणजे १.८८००. ही दुसरी जोडी लावलीत तर मंगळ वर्षाला जेमतेम ०.०८ अंश पुढे पळेल, बारा वर्षांत एक अंश, टेबलावरच्या मॉडेलमध्ये तो कुणाला दिसणारही नाही. शिवाय तुमचा मंगळ वर्तुळात एकाच वेगानं फिरणार आणि खरा मंगळ लंबवर्तुळात कधी जोरात कधी सावकाश जातो, त्यामुळे दाते कितीही बरोबर कापले तरी तो खऱ्या जागेपासून अधूनमधून दहा अंशांपर्यंत सरकलेला असणारच. मग ०.०८ साठी कशाला जीव काढायचा?

तुमचं हेड ४० ला १ (हँडलच्या ४० फेऱ्यांत चाकाची एक) असेल आणि प्लेटा ब्राउन अँड शार्प पद्धतीच्या असतील तर तिसऱ्या प्लेटवर ४७ भोकांचं सर्कल आहे, दर दात्याला ४० भोकं सरकायचं. शुक्राला ५२ ला ३२ घ्या, म्हणजे १३ ला ८, शुक्र पृथ्वीच्या ८ वर्षांत जवळपास १३ फेऱ्या मारतो. ५२ साठी त्याच प्लेटवर ३९ च्या सर्कलमध्ये ३० भोकं, ३२ साठी एक पूर्ण फेरा आणि पहिल्या प्लेटवरच्या २० च्या सर्कलमध्ये ५ भोकं. हेडचं हँडल नेहमी एकाच दिशेनं फिरवा, भोक चुकून पुढे गेलं तर चांगलं अर्धा फेरा मागे जाऊन परत त्याच दिशेनं या, नाहीतर हेडमधला लूज शेवटच्या दात्यात येतो आणि ब्लँक (दाते कापायची चकती) वाया.

खरं डोकं लागतं ते पुढे. सगळे ग्रह एकात एक घातलेल्या नळ्यांवर फिरतात आणि त्यांना चालवणारा शाफ्ट बाजूला उभा असतो, म्हणजे त्या शाफ्टवरच्या प्रत्येक जोडीच्या दात्यांची बेरीज सारखीच यायला हवी. शुक्राची ५२ अधिक ३२ म्हणजे ८४, पृथ्वीला ४२ ला ४२ लावा, तीही ८४, मॉड्यूल (दात्याच्या आकाराचं माप) ०.५ धरलं तर सेंटर अंतर २१ मिमी. मंगळाची बेरीज मात्र ७२ येते, तो तिथे बसणार नाही. जबरदस्तीनं ८४ मध्ये कोंबायला ५५ ला २९ घेतलेत तर वर्षाला दीड अंशाहून जास्त चूक. त्यापेक्षा समोरच्या बाजूला १८ मिमीवर दुसरा शाफ्ट उभा करा, पृथ्वीच्या नळीवर ३६ चा एक जास्तीचा गिअर, दुसऱ्या शाफ्टवर ३६ आणि २५, आणि मंगळाच्या नळीवर ४७. दोन्ही जोड्यांची बेरीज ७२, मंगळ पृथ्वीच्याच दिशेनं फिरतो. मला ही रचना फार आवडते कारण दोनच गिअर वाढतात आणि हिशोब पूर्ण जुळतो.

नळ्यांमध्ये शुक्राची आतली, म्हणून सगळ्यात लांब, वर पण आणि खाली पण बाहेर येणारी, मंगळाची बाहेरची आणि आखूड. सूर्य मधल्या दांड्यावर घट्ट, तो फिरत नाही. ब्लँकचा व्यास म्हणजे (दाते अधिक २) गुणिले मॉड्यूल, ५२ ला २७ मिमी, कटर सव्वा दोन मॉड्यूल खोल म्हणजे १.१२५ मिमी. गुलालवाडीत फ्री कटिंग ब्रासचा रॉडच मागा, मऊ पत्र्यावर बर (कापलेल्या कडेची धारदार कूस) खूप निघते. टूल्ससाठी नागदेवी स्ट्रीट तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल.

मोठ्या आकड्याच्या जागी जवळचा छोटा अपूर्णांक शोधायची ही युक्ती जुनी आहे. ख्रिस्तियान हायगेन्सनं १६८२ च्या सुमारास स्वतःच्या ग्रहयंत्रासाठी हेच गणित मांडलं, शनीला त्यानं २०६ ला ७ धरलं होतं.

प्रश्न : मी गिरगावात राहतो, नववीत आहे. माझ्याकडे लेथ नाही. ग्रहांचे आकार आणि अंतरं खऱ्या प्रमाणात ठेवून मॉडेल करता येईल का?

उत्तर : दोन्ही एकदम नाही रे. पृथ्वी ३ मिमीची मणी धरलीस तर सूर्य साधारण ३३ सेंटीमीटरचा होतो आणि तो ३५ मीटर लांब ठेवावा लागतो, नेपच्यून एक किलोमीटरच्या पुढे जातो, म्हणजे तुझ्या जवळच्या मरीन ड्राइव्हचा बराच भाग संपतो. म्हणून बनवणारे वेळ खरा ठेवतात आणि आकार सोडून देतात.

लेथ नाही म्हणून थांबू नकोस. नेदरलँड्समधल्या फ्रानेकर गावात आइसे आइसिंगा नावाचा लोकर पिंजणारा माणूस होता, त्यानं १७७४ ते १७८१ मध्ये स्वतःच्या बैठकीच्या खोलीच्या छतात चालती सूर्यमाला बसवली. चाकं लाकडाची आणि दाते म्हणजे हातानं केलेले हजारो खिळे, एक मिलिमीटर म्हणजे दहा लाख किलोमीटर या मापानं. ती अजून चालते, २०२३ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली. युरेनस त्यात नाही, तो १७८१ मध्येच सापडला आणि छतात जागा नव्हती. तू प्लायवूडच्या दोन चकत्या घे, खिळे ठोक, १३ ला ८ चा शुक्र-पृथ्वी आधी फिरवून बघ.

प्रश्न : मॉडेल तयार आहे. आजच्या तारखेला ग्रह कुठे ठेवायचे? घरातलं पंचांग चालेल का? (परळ)

उत्तर : तसंच्या तसं नाही चालणार. पंचांगातले ग्रह पृथ्वीवरून दिसतात तसे दिलेले असतात, तुमच्या मॉडेलच्या मध्यात सूर्य आहे. शिवाय ते निरयन (ताऱ्यांपासून मोजलेले), म्हणजे सायनपेक्षा (वसंतसंपातापासून मोजलेल्यांपेक्षा) सुमारे २४ अंशांचा फरक, त्याला अयनांश म्हणतात. पण त्याच पंचांगातून एक सोपी वाट निघते. मंगळ वक्री (उलटा सरकताना दिसणारा) असताना रवीपासून बरोबर १८० अंशांवर आला की सूर्य, पृथ्वी, मंगळ याच क्रमानं एका रेषेत असतात, दोघांतला फरकच बघायचा असल्यानं अयनांश आपोआप कटतो. तसंच शुक्र वक्री असून रवीच्या अंशांवर आला की तो सूर्य आणि पृथ्वीच्या मधे. त्या दिवशी दांडे एका रेषेत आणा आणि स्क्रू आवळा. शुक्राची अशी वेळ ऑक्टोबर २०२६ मध्ये आहे, मंगळाची फेब्रुवारी २०२७ मध्ये. शुक्राचा दांडा आधी पक्का करा, मंगळाचा तोवर सैल राहू दे.