दूध कमी केलंत, हप्ता मात्र चालूच?

कळव्याहून आलेलं पत्र थोडक्यात असं:

‘मिस्टर ५४ वर्षांचे, रबाळे एमआयडीसीतल्या कंपनीत आहेत. हातात ८६ हजार येतात. मे २०३० मध्ये ५८ पूर्ण होऊन निवृत्ती. मुलगी इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, सासूबाई ७९ वर्षांच्या. मी लग्नापासून हिशोबाची वही लिहिते. २०१५ मध्ये महिन्याला २९ हजारांत घर चालायचं, आता ५८ हजार लागतात. दोन्ही वर्षांची पानं सोबत पाठवते आहे. दूध दोन लिटरवरून दीड लिटरवर आणलं, दिवाळीनंतर भांड्यांच्या मावशी बंद केल्या, तरी महिनाअखेर आठ हजारच उरतात. टीव्हीवर मात्र महागाई पाव टक्क्यावर आली म्हणून सांगत होते. कळव्याचा फ्लॅट विकून बदलापूरला गेलो तर खर्च आटोक्यात येईल का? बचतीची तशी काळजी नाही. पीएफचे ३१ लाख आहेत, पेन्शन येईलच, आणि मार्च २०२४ मध्ये बँकेतून गॅरंटीड इन्कमची पॉलिसी घेतली आहे. वर्षाला २ लाख ४० हजार, असे दहा हप्ते. २०३६ पासून २५ वर्षं दरवर्षी दोन लाख मिळणार आणि शेवटी भरलेले २४ लाख परत.’

ताई, बदलापूरला जाऊ नका. निदान आत्ता नको. घर विकून घर घेताना मुद्रांक शुल्क सहा-सात टक्के, नोंदणी, दोन्हीकडची दलाली, सोसायटीचं ट्रान्सफर, रंगरंगोटी, सामानाचा टेम्पो, असे पाच लाख सहज उडतात. तूरडाळ आणि गॅस बदलापुरात स्वस्त मिळत नाही. मेंटेनन्समध्ये हजार-दीड हजार वाचतील, आणि त्यासाठी यजमान रोज सकाळी बदलापूर लोकलला लटकून ठाण्याला येणार, गाडी बदलून रबाळ्याला जाणार. चार वर्षांची नोकरी उरलेल्या माणसाला ही शिक्षा कशाला?

आता महागाईचं. टीव्हीवाले खोटं बोलत नव्हते. ऑक्टोबर २०२५ चा किरकोळ महागाईचा दर खरोखरच ०.२५ टक्के होता. पण दर म्हणजे वेग. गाडीचा वेग मंदावला म्हणून ती मागच्या स्टेशनात परत येत नाही. त्या महिन्यात भाज्या आदल्या वर्षापेक्षा बऱ्याच स्वस्त होत्या, आणि हा दर ज्यावरून काढला, त्या २०१२ हे आधारवर्ष धरलेल्या निर्देशांकात खाण्यापिण्याचं वजन जवळपास ४६ टक्के होतं. भाजी उतरली की आकडा धाडकन खाली. तुमच्या घरात खाण्यापिण्यावर ५८ पैकी २१ हजार जातात, म्हणजे ३६ टक्के. उलट आरोग्याला त्या निर्देशांकात सहा टक्क्यांहून कमी जागा होती. तुमच्याकडे सासूबाईंची औषधं आणि सगळ्यांचा मेडिक्लेम मिळून महिन्याला साडेनऊ हजार, म्हणजे १६ टक्के. शिक्षणाला निर्देशांकात साडेचार टक्के, तुमच्याकडे मुलीच्या फीचे साडेबारा हजार, २१ टक्क्यांच्या वर. तो आकडा देशाचा आहे, कळव्यातल्या तुमच्या घराचा नाही.

वहीची दोन पानं शेजारी ठेवली की आणखी एक गोष्ट दिसते. किराणा, दूध, भाजी, गॅस मिळून २०१५ मध्ये साडेबारा हजार लागायचे, आता २१ हजार. साडेदहा वर्षांतली ही वाढ वर्षाला पाच टक्क्यांची. उरलेला खर्च साडेसोळा हजारांवरून ३७ हजारांवर गेला, म्हणजे वर्षाला आठ टक्के. कॉलेजची फी, मेडिक्लेम, तीन मोबाइल आणि वाय-फाय, घरपोच मागवलेलं खाणं यातलं निम्मं तर २०१५ च्या पानावर नव्हतंच. तुम्ही कात्री लावली ती मात्र दुधाला, जिथे वाढ सगळ्यात कमी होती. दोन लिटर दूध पुन्हा सुरू करा. मावशींनाही बोलवा. अडीच हजारांसाठी संसार अडलेला नाही.

अडलाय कुठे, ते तुम्ही पत्राच्या शेवटच्या चार ओळींत लिहिलंय आणि तिथेच ‘काळजी नाही’ म्हणून मोकळ्या झाला आहात. ८६ मधून ५८ वजा केले की २८ हजार उरायला हवेत. तुमच्याकडे आठ उरतात. मधले वीस हजार दरमहा त्या पॉलिसीसाठी बाजूला पडतात. साडेदहा वर्षांत तुमचा किराणा महिन्याला साडेआठ हजारांनी वाढला. या एका सहीने मार्च २०२४ मध्ये एका दिवसात वीस हजारांची वाढ केली. हिला तुम्ही बचत म्हणता, म्हणून ती वहीत खर्चाच्या बाजूला दिसत नाही.

‘२४ भरा, ७४ मिळवा’ असा हिशोब तुम्हाला कुणीतरी कागदावर करून दाखवला असणार. ५० लाखांचं उत्पन्न अधिक २४ परत. बेरीज बरोबर आहे. फक्त २०२४ चा रुपया आणि २०६० चा रुपया एकाच रांगेत मांडून बेरीज करता येत नाही, हे सांगायला टेबलापलीकडच्या माणसाला वेळ नसतो. मार्चचं टार्गेट असतं.

महागाई सहा टक्के धरू. ७२ ला सहाने भागा (किंमत निम्मी व्हायला किती वर्षं लागतात ते काढायची ही सोपी युक्ती), उत्तर बारा. म्हणजे दर बारा वर्षांनी रुपयाची किंमत निम्मी. २०३६ मध्ये जे पहिले दोन लाख मिळतील त्यांत २०२४ च्या एक लाखाचा माल येईल, महिन्याला आठ हजारांचा. २०४८ मध्ये पन्नास हजारांचा. २०६० मध्ये, यजमान ८८ वर्षांचे असताना, पंचवीस हजारांचा, म्हणजे महिन्याला दोन हजार. आणि ते परत मिळणारे २४ लाख? तेव्हा त्यांची किंमत आजच्या हिशोबात तीन लाखांच्या आसपास. गॅरंटी आकड्याची आहे, त्यातून काय विकत येईल याची नाही.

तुम्ही म्हणाल, रिझर्व्ह बँकेचं लक्ष्य चार टक्क्यांचं आहे, मग सहा का धरायचे? रिक्षाचं उदाहरण घ्या. आपल्याकडे मीटरचं किमान भाडं २०१५ मध्ये १८ रुपये झालं, मार्च २०२१ मध्ये २१, ऑक्टोबर २०२२ मध्ये २३ आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये २६. २०१५ पासून मोजलं तर वाढ वर्षाला पावणेचार टक्के. मार्च २०२१ च्या आधीच्या १८ पासून मोजलं तर साडेनऊ. दोन्ही हिशोब खरे. विकणारा आपल्या सोयीचं वर्ष पकडतो. म्हणून मी तुमची वही धरतो, आणि वही तर सहाच्याही वर जाते.

या पॉलिसीचा परतावा काढला तर सव्वापाच टक्क्यांच्या आसपास येतो. आणि करसवलतीसाठी घेतली असेल तर तोही विषय संपला. नव्या करप्रणालीत २०२५-२६ पासून पगारदाराला पावणेतेरा लाखांच्या पगारापर्यंत कर शून्य आहे. यजमान त्या आत आहेत आणि त्या प्रणालीत विमा हप्त्यांवरची ८०सी ची वजावट नाही. याहून वाईट म्हणजे तारखा. नोकरी मे २०३० ला संपते, हप्ते मार्च २०३३ पर्यंत आहेत. पगार बंद झाल्यावर तीन हप्ते, ७ लाख २० हजार, कुठून भरणार होतात? आणि उत्पन्न सुरू होणार २०३६ मध्ये. ५८ ते ६४ या सहा वर्षांत ही पॉलिसी फक्त मागते, देत काहीच नाही. म्हातारपणाची सोय म्हणून जे घेतलं, त्याने म्हातारपणाची पहिली सहा वर्षं गाळली आहेत.

मग काय करायचं? सरेंडर, म्हणजे पॉलिसी मोडून मिळतील ते पैसे घेणं, नको, हे आधी सांगतो, कारण वैतागून माणूस तेच करतो. दोन हप्ते भरून झालेत, ४ लाख ८० हजार. तुमची पॉलिसी ऑक्टोबर २०२४ च्या नव्या सरेंडर नियमांआधीची आहे, त्यामुळे हमीची रक्कम भरलेल्या पैशांच्या ३० टक्के, म्हणजे १ लाख ४४ हजार. त्याऐवजी तिसरा हप्ता भरू नका आणि पॉलिसी पेड-अप होऊ द्या, म्हणजे हप्ते बंद, पण भरल्याच्या प्रमाणात फायदा चालू. दहापैकी दोन हप्ते भरलेत, तर साधारण दोन दशांश फायदा राहतो. २०३६ पासून वर्षाला ४० हजार आणि शेवटी ४ लाख ८० हजार. आज १ लाख ४४ हजार घेण्याऐवजी ते तिथेच ठेवले तर त्या रकमेवर वर्षाला दहा-अकरा टक्के परतावा पडतो. नुकसान होऊन गेलंय, पण उरलेला तुकडा चांगला आहे. पुढच्या आठ हप्त्यांच्या १९ लाखांवर मात्र साडेपाच टक्केच पडतात, ते भरायचे नाहीत. हे प्रमाण तुमच्या बॉण्डमध्ये ‘पेड-अप’च्या कलमात नेमकं कसं लिहिलंय ते वाचा. तिथे वेगळी कपात असेल तर ते पान मला पाठवा, आकडे बदलतील.

एक अट आहे. या पॉलिसीत २४ लाखांचा विमा असेल, पेड-अप झाल्यावर तो पाचव्या हिश्श्यावर येतो. यजमानांच्या नावावर दुसरा विमा नसेल तर आधी मुलीचं शिक्षण आणि त्यांची निवृत्ती पार पडेपर्यंतचा साधा टर्म विमा (मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा) घ्या. ५४ व्या वर्षी हप्ता स्वस्त नसतो, पण २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक विम्यावर जीएसटी नाही, तेवढा दिलासा. टर्म मंजूर झाल्याचं पत्र हातात आल्यावरच जुन्याचा हप्ता थांबवायचा.

सुटलेल्या वीस हजारांपैकी पंधरा हजार पगारातूनच व्हीपीएफला, म्हणजे पीएफमधल्या स्वेच्छेच्या जादा कपातीला, वळवा. व्याज सध्या ८.२५ टक्के. स्वतःचा वर्षाचा भरणा अडीच लाखांच्या वर गेला तर जादा रकमेच्या व्याजावर कर लागतो. नेहमीची पीएफ कपात पाच-साडेपाच हजार धरली तर पंधरा हजार त्या मर्यादेत बसतात. पगारपत्रक बघून खात्री करा. बऱ्याच कंपन्या हा बदल एप्रिलमध्येच घेतात, म्हणून ऑफिसात आत्ताच विचारा. निवृत्तीपर्यंत साडेआठ-नऊ लाख जमतील, आणि ते २०३६ ला नाही, २०३० लाच हातात येतील. उरलेले पाच हजार घरात खेळू द्या, टर्मचा हप्ताही त्यातूनच.

‘पेन्शन येईलच’ हे वाक्य मात्र खोडा. पीएफबरोबर मिळणारी ईपीएसची पेन्शन १५ हजारांच्या पगारमर्यादेवर मोजली जाते. पूर्ण ३५ वर्षं नोकरी झाली तरी आकडा साडेसात हजारांच्या आसपास अडकतो, तुमच्याकडे पाच धरा. तीही महागाईबरोबर वाढत नाही. निवृत्तीच्या वेळी मुलीची फी संपलेली असेल, आजचे साडेपंचेचाळीस हजार तेव्हा ५७ हजार झालेले असतील. पीएफ आणि व्हीपीएफ मिळून ५५ लाख होतील असं धरू. पैसे हातात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत ३० लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत टाकलेत तर आजच्या ८.२ टक्क्यांनी महिन्याला साडेवीस हजार येतात. पेन्शन धरून साडेपंचवीस. दरमहा ३१-३२ हजारांची तूट उरलेल्या २५ लाखांतून भरायची, आणि तूट दरवर्षी वाढणार. यजमान ६५ चे होईतो ते २५ लाख संपतील. २०३६ मध्ये घरखर्च ८० हजारांवर असेल. पॉलिसी पूर्ण चालवली असती तरी तिने दिले असते महिन्याला सोळा-सतरा हजार.

त्यामुळे ५८ ला पूर्ण थांबणं परवडणारं नाही. आणखी चार वर्षं निम्म्या पगाराचं काम मिळालं तरी चित्र बदलतं. एक्स्टेंशन मिळेलच असं धरून बसू नका, आजपासून ओळखीपाळखीत शब्द टाकायला सांगा. सात-आठ वर्षं न लागणारे दहा लाख तेव्हा इंडेक्स फंडात, म्हणजे शेअर बाजाराच्या निर्देशांकामागे चालणाऱ्या म्युच्युअल फंडात, जावेत. तिथे दहा टक्क्यांची अपेक्षा ठेवा, पंधराची गोष्ट सांगणाऱ्याला चहा पाजून परत पाठवा. आणि बदलापूरचा विचार खरा करायचा तो तेव्हा. आज तुम्ही महिन्याचे हजार-दीड हजार वाचवायला घर विकायला निघालात. रबाळ्याला जायचं नसेल तेव्हा विकलंत तर पंचवीस-तीस लाखांचं भांडवल मोकळं होईल.

सासूबाईंचं आयुष्मान वय वंदना कार्ड काढलं नसेल तर आधार घेऊन काढा. सत्तरीच्या पुढे उत्पन्नाची अट नाही, वर्षाला पाच लाखांचं संरक्षण आहे. कळवा-ठाण्यातली कोणती रुग्णालयं त्यात आहेत ते आधी बघा आणि मेडिक्लेम लगेच बंद करू नका.

तिसरा हप्ता मार्चमध्ये आहे. तो बहुधा खात्यातून आपोआप वळता होतो. टर्मचं पत्र आलं की तारखेच्या आठ-दहा दिवस आधी शाखेत जाऊन ऑटो-डेबिटचं मँडेट रद्द करा आणि शिक्क्याची पोच घ्या. टर्मला उशीर झाला तर वार्षिक हप्त्याला तीस दिवसांची सवलत असते, तेवढ्यात उरका. त्यानंतर ‘मॅडम, पॉलिसी लॅप्स होतेय, फायदे जातील’ असे फोन येतील. पेड-अपचं लेखी पत्र पाठवा म्हणावं, आणि नव्या कुठल्याही कागदावर सही करू नका.