फोटो आधीच पाहिलाय, आता ओळख परेडला काय सांगू?

प्रश्न (दापोली तालुक्यातून): जुलैत भर पावसात, संध्याकाळी साडेसातच्या सुमाराला, आमच्या दुकानासमोर मोटारसायकलवरच्या दोघांनी कोयता दाखवून शेजारच्या काकूंचं मंगळसूत्र खेचलं. मागे बसलेल्याचा चेहरा मी पाहिला आणि ‘पुन्हा दिसला तर ओळखेन’ असं जबाबात सांगितलं. आठवड्याने हवालदारांनी ‘हाच ना?’ असं विचारत व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला. मी ‘वाटतोय तसा’ म्हणालो. आता रत्नागिरीच्या कारागृहात ओळख परेडला, म्हणजे रांगेतून आरोपी ओळखायला, बोलावलंय. डोळ्यांसमोर येणारा चेहरा त्या संध्याकाळचा की फोटोतला, तेच कळत नाही. नाही ओळखलं तर काकूंना काय तोंड दाखवू? आणि ओळखलं नि चुकलं, तर माझ्यावरच केस होईल का?

उत्तर: केसची भीती आधी काढून टाका. भारतीय न्याय संहितेच्या कलम २२७ प्रमाणे खोटी साक्ष म्हणजे जे खोटं असल्याचं माहीत आहे, किंवा जे खरं आहे असं स्वतःलाच वाटत नाही, ते शपथेवर सांगणं. प्रामाणिक चूक त्यात बसत नाही. कलमाखालच्या उदाहरणांतच आहे, की ‘ही सही अमक्याची असावी असं मला वाटतं’ हे मनापासून सांगितलं आणि सही दुसऱ्याची निघाली, तरी ती खोटी साक्ष ठरत नाही. मनात शंका असताना कोर्टात ‘शंभर टक्के हाच’ म्हणालात तर मात्र अडचण आहे. कलम २२९ मध्ये त्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

तुमचा खरा प्रश्न फोटोचा आहे. चेहरा ओळखीचा वाटणं आणि तो कुठे पाहिला हे आठवणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली टिकते, दुसरी लवकर पुसते. परेडमध्ये समोरचा माणूस ओळखीचा वाटेलच, कारण त्याचा फोटो तुमच्या मोबाइलमध्ये आहे. त्यात मूळ आठवणच तोकडी. भर पावसात बहुधा रेनकोटच्या टोपीने केस आणि कपाळ झाकलेलं असणार, आणि अनोळखी चेहऱ्यात आपण केसांची ठेवण आणि डोक्याचा आकारच जास्त टिपतो. पिवळ्या दिव्याखाली काळा, निळा, हिरवा रेनकोट सारखाच दिसतो. समोर कोयता असला की नजर पात्यावर खिळते, चेहऱ्याला उरतात जेमतेम काही क्षण. नंतर वाडीत चर्चा झालीच असणार. काकूंनी केलेलं वर्णनही नकळत तुमच्या आठवणीत मिसळलेलं असू शकतं.

हवालदारांनी मुद्दाम केलं असेल असं मी म्हणत नाही, बहुधा कामाचा उरक. पण ‘हाच ना?’ हा प्रश्नच उत्तर पढवणारा आहे. साक्षीदारांना आरोपी आधीच दाखवला असेल तर परेडला किंमत राहत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९८ साली महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात स्पष्ट केलं आहे.

आता करायचं ते असं. तो मेसेज डिलीट करू नका. कागदावर दोन रकाने करा, एकात त्या संध्याकाळी पाहिलेलं, दुसऱ्यात फोटोत पाहिलेलं. जे नक्की कुठलं ते सांगता येत नाही ते तिसरीकडे. खाली तारीख घाला. तपासी अंमलदारांना पुरवणी जबाब घ्यायला सांगा, की अमुक तारखेला मला फोटो दाखवला. टाळाटाळ झाली तर तेच अर्जात लिहून ठाण्यात द्या आणि पोच घ्या.

परेड पोलीस घेत नाहीत, कार्यकारी दंडाधिकारी घेतात, म्हणजे बहुधा तहसीलदार किंवा नायब तहसीलदार. त्या वेळी पोलिसांनी खोलीत थांबायचं नसतं. एक संशयित असेल तर वयाने, बांध्याने मिळतेजुळते किमान सहा डमी, म्हणजे गुन्ह्याशी संबंध नसलेली माणसं, उभे करतात, शिवाय पंच असतात. रांगेजवळ जाण्याआधीच दंडाधिकाऱ्यांना फोटोचं सांगा आणि ते ज्ञापनात, म्हणजे परेडच्या लेखी नोंदीत, लिहून घेण्याची विनंती करा. आधी आत जाऊन आलेल्या साक्षीदाराशी बोलू नका.

तुम्ही पाहिलेला माणूस रांगेत असेलच असं नाही, हे मनात धरून पाहा. ‘कोणीच ओळखता येत नाही’ हे पूर्ण उत्तर आहे. ‘चौथा त्याच्यासारखा वाटतो, पण फोटो पाहिल्यामुळे खात्री देता येत नाही’ हेही चालतं. फक्त ते तुमच्याच शब्दांत उतरवलं जातंय ना, ते बघा. बाहेर आल्यावर कोणी ‘बरोब्बर ओळखलंत’ म्हणालं तर सोडून द्या. अशा शाबासकीने खात्री मागाहून फुगते आणि पहिल्यापासून तितकीच होती असं वाटू लागतं.

कोर्टात परेड हा फक्त दुजोरा देणारा पुरावा. मुख्य पुरावा म्हणजे शपथेवर आरोपीला ओळखणं. उलटतपासात पहिलाच घाव फोटोवर बसेल. ‘फोटो दाखवला होता का?’ याला उत्तर ‘होय’. ते लपवलंत तर तुमची बाकीची खरी साक्षही संशयात जाते. खात्री नाही म्हटल्याने सरकारी वकील कदाचित तुम्हाला फितूर, म्हणजे उलटलेला साक्षीदार, जाहीर करण्याची परवानगी मागतील, पण म्हणून घटना कशी घडली हे सांगणारी तुमची साक्ष रद्दबातल होत नाही.

काकूंचं म्हणाल, तर खटला तुमच्या एकट्याच्या डोळ्यांवर उभा नाही. मोटारसायकल, मोबाइलचं लोकेशन, आरोपीने दाखवून दिलेल्या जागेवरून जप्त झालेला माल, हा पुरावा वेगळाच आहे. मंगळसूत्र मिळालं असेल तर खटला संपायची वाट बघायला नको. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याच्या, कलम ४९७ किंवा ५०३ खाली, खटला कुठल्या टप्प्यावर आहे ते पाहून, काकू दापोलीच्या कोर्टात ताब्यासाठी अर्ज करू शकतात. खरेदीची पावती किंवा गळ्यात ते असलेला जुना लग्नाचा फोटो जोडावा.