कमोड आधी की टाइल्स आधी?

प्रश्न : नव्या घराच्या बाथरूमचं प्लास्टर झालंय. नळ, शॉवर, कमोड आम्हीच आणणार आहोत. प्लंबर म्हणतो, टाइल्स झाल्यावर आणा. थांबावं का?

उत्तर : अजिबात थांबू नका. निदान भिंतीत गाडायच्या वस्तू आणि कमोडचं मॉडेल आजच ठरवा. डायव्हर्टरची, म्हणजे पाणी नळाकडे की शॉवरकडे हे ठरवणाऱ्या व्हॉल्व्हची, बॉडी टाइल्सच्या आत जाते. तिच्यावरच्या प्लास्टिकच्या टोपीवर किमान-कमाल खोलीच्या रेघा असतात. टाइलचा पृष्ठभाग त्या दोन रेघांच्या मध्येच आला पाहिजे. फार आत गेली, तर वरची प्लेट आणि मूठ बसत नाही.

कमोडबद्दल मी पोळलेली आहे. एस-ट्रॅप, म्हणजे खाली जमिनीत पाणी सोडणारा कमोड असेल, तर भिंतीपासून जमिनीतल्या पाइपच्या मध्यापर्यंतचं अंतर मोजतात. मी ते नुसत्या प्लास्टरपासून मोजलं. टाइल आणि तिच्यामागचा मसाला यांत जवळजवळ इंच गेला. कमोड पाइपवर यायच्या आधीच टाकी भिंतीला टेकली. नव्याकोऱ्या टाइल्स फोडाव्या लागल्या, फार जिवाला लागलं. तेव्हा माप तयार भिंतीपासूनच धरा. पी-ट्रॅपचा पाइप भिंतीतून निघतो, तिथे तयार फरशीपासूनची उंची बघा.

टाइल्स लावण्याआधी पाइपांची प्रेशर टेस्ट, म्हणजे दाबाने पाणी भरून गळती तपासणं, तुमच्यासमोर करून घ्या, यात भीड नको. गरम पाण्याची लाइन डावीकडे.

आणि नळ बसवण्याआधी प्रत्येक पॉइंटमधून बादलीभर पाणी सोडून द्या. पाइपातली वाळू नाहीतर पहिल्याच दिवशी नळाच्या जाळीत अडकते.