अंगातल्या वाफा आणि टॅमॉक्सिफेनची गोळी

प्रश्न : माझे वय ५० असून मी सोलापुरात टॉवेलच्या कारखान्यात शिलाईचे काम करते. दोन वर्षांपूर्वी स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली. तेव्हापासून कर्करोग पुन्हा उलटू नये म्हणून टॅमॉक्सिफेनची गोळी चालू आहे. पाळी गेली आहे, पण रात्री तीन-चार वेळा अंगातून वाफा निघून उशी भिजते. हार्मोन घ्यायचे नाहीत, असे डॉक्टरांनी बजावले आहे. घरचे म्हणतात, हा सोलापूरचा उन्हाळाच आहे. मी काय करावे?

उत्तर : सोलापूरचा पारा मे महिन्यात चाळिशी ओलांडतो हे खरे, पण गड्ड्याच्या यात्रेच्या थंडीतही आपल्याला घाम फुटत असेल, तर उन्हाळ्याला बोल लावता येणार नाही. इस्ट्रोजेन हे स्त्री-हार्मोन कमी झाले की मेंदूतील तापमान राखणारे केंद्र हळवे होते आणि अंग किंचित तापले तरी त्वचेच्या रक्तवाहिन्या रुंदावून घाम सुटतो. त्यात टॅमॉक्सिफेनमुळेही वाफा येतात. तरीही ती गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नये.

हार्मोनशिवाय उपाय आहेत. नैराश्यावरील काही औषधे कमी मात्रेत या वाफा घटवतात, म्हणून ती लिहून दिली तर ‘मला वेडी ठरवले’ असे समजू नये. मात्र त्यांपैकी पॅरॉक्सेटिन, ज्याला अमेरिकेत २०१३ मध्ये याच त्रासासाठी मान्यता मिळाली, ते आपल्याला चालणार नाही. कारण टॅमॉक्सिफेनला प्रभावी रूप देणाऱ्या यकृतातील विकरालाच (एन्झाइमलाच) ते अडवते. त्याच गटातल्या व्हेनलाफॅक्सिनचा तसा अडथळा फारसा होत नाही. ते घेताना रक्तदाब तपासत राहावा आणि ते एकदम सोडू नये. त्रास मुख्यतः रात्रीचा असल्याने झोपताना गॅबापेंटिन हे मूळचे फिट्सवरचे औषध, हाही पर्याय आहे, पण त्याने गुंगी येते आणि सकाळी शिलाईच्या यंत्रावर बसणाऱ्या बाईने ती गोष्ट डॉक्टरांना आधीच सांगायला हवी.

सुती कपडे, पंखा, उशाशी गार पाणी यांनी आराम वाटतो, वाफा कमी होतातच असे नाही. शेंगाचटणी सोडा, असे मी सांगणार नाही. ती खाल्ल्यावरच वाफ येते असे आपल्याला वारंवार दिसले, तरच सोडावी. वजन जास्त असल्यास ते उतरवण्याचा उपयोग होतो. समुपदेशकाकडून शिकायच्या वर्तनोपचाराने त्रासाचा जाच आणि झोपमोड कमी होते. ‘नैसर्गिक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या सोयाच्या किंवा जडीबुटीच्या गोळ्या मात्र कर्करोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत.

घामासोबत ताप येत असेल किंवा वजन घटत असेल, तर क्षयरोग आणि थायरॉईडची तपासणी करावी. पाळी गेल्यानंतर रक्ताचा डाग जरी दिसला, तरी पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांकडे जावे.