बोनसमधून गोल्फचा सेट: माप आधी, बिल नंतर

कल्याणीनगरच्या एका वाचक ताईंचं पत्र आलंय. लांबलचक आहे, म्हणून सारांश मीच सांगते. वय ५१, खराडीच्या एका आयटी कंपनीत नोकरी. ऑगस्ट २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकमधल्या अदिती अशोकच्या शेवटच्या फेरीसाठी पहाटे उठून टीव्ही लावला, आणि तेव्हापासून गोल्फ डोक्यात बसला. प्रत्यक्ष शिकायला लागून दीड वर्ष झालं. येरवड्याला महिन्यातून दोनदा अठरा होल, शिवाय दर शनिवारी ड्रायव्हिंग रेंज, म्हणजे नुसत्या फटक्यांचा सराव. सेट मिस्टरांचा, २०११ सालचा. मिस्टरांची पाठ धरल्यापासून तो माळ्यावरच पडून होता. त्यांची उंची पाच फूट अकरा, ताईंची पाच फूट एक.

आता शहरातल्या एका दुकानाने फिटिंग करून, म्हणजे ताईंच्या मापाने क्लब (गोल्फच्या काठ्या) बसवून, नवा सेट द्यायची तयारी दाखवली आहे. ड्रायव्हर (सगळ्यात लांब फटक्याचा क्लब) ५२,०००, एक वुड आणि एक हायब्रिड (हेही लांब फटक्यांचेच) मिळून ५२,०००, सात आयर्नचा (मधल्या आणि जवळच्या फटक्यांचे क्लब) संच १,०५,०००, पटर (हिरवळीवर चेंडू होलकडे ढकलायचा) २१,०००, बॅग १०,०००. एकूण २,४०,०००. फिटिंगची फी ६,०००, पण सेट तिथेच घेतला तर ती बिलातून वजा. हातात कर कापून ३,५०,००० बोनस येणार आहे. गृहकर्ज १४ लाख बाकी, साडेआठ टक्क्यांनी, अजून सात वर्षं. मुलगा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला, दोन वर्षांनी एमएसला जाणार, त्यासाठी इक्विटी फंडात १८ लाख. घरखर्च हप्त्यासकट महिना १,१०,०००. बचत खातं आणि एफडी मिळून २,२०,०००. मिस्टरांचं म्हणणं, "माझा सेट आहे की, चेंडूला काय कळतंय काठी कोणाची ते?" आणि ताईंचा प्रश्न: ही चैन आहे की गरज, आणि मिस्टरांना काय सांगू?

मिस्टरांपासूनच सुरुवात करते. चेंडूला कळतं.

ताईंनी पत्रात सहज लिहिलेलं एक वाक्य मी दोनदा वाचलं: "आयर्नचे फटके सारखे डावीकडे जातात, त्यासाठी कोचकडे वेगळे आठ क्लास लावले, फरक नाही." उंच माणसाचा क्लब बुटक्या माणसाने धरला की हात खाली येतात, क्लबचं टोक जमिनीवरून उचललं जातं आणि टाच टेकते. मग क्लबचा चेहरा उजव्या हाताच्या खेळाडूला डावीकडे बघायला लागतो. काठी जमिनीशी जो कोन करते तो लाय अँगल, आणि इथे तोच चुकलेला. तेव्हा ताईंच्या डावीकडच्या चेंडूंत स्विंगचा दोष असेलही, पण निदान काही वाटा काठीचा असणार, आणि काठीचा दोष क्लासने जात नाही. त्या आठ क्लासचे पैसे मी माळ्यावरच्या फुकटच्या सेटच्या खात्यात लिहीन. दुसऱ्याच्या मापाचा ब्लाऊज घालून आपण कधी समारंभाला गेलोय का? लक्ष्मी रस्त्यावर मापं देताना बाईला अर्धा इंच इकडचा तिकडे चालत नाही, आणि इथे दहा इंच उंच माणसाच्या काठीने दीड वर्ष काढलं.

मापाबाबतीत मी स्वतः पोळले आहे. २०१९ मध्ये सेलमध्ये घसघशीत सूट दिसली म्हणून रोड बाइक घेतली. फ्रेम माझ्यापेक्षा एक साइज मोठी. दुकानदार म्हणाला, सीट खाली घ्या, सवय होईल. सवय झाली नाही, गुडघा मात्र दुखायला लागला. सिंहगड रस्त्यावर जेमतेम पाच महिने चालवली आणि अर्ध्याहून कमी किमतीला विकली. वाचवलेल्या पैशांच्या कितीतरी पट गेले. लोकांना जमाखर्च शिकवणारी बाई मी, पण हा हिशोब घरात कुणाला सांगितला नव्हता.

म्हणून फिटिंगला माझा होकार आहे, तोही लगेच. पण फिटिंगला होकार म्हणजे २,४०,००० ला होकार नव्हे, आणि दुकानाच्या कागदावर मात्र या दोन गोष्टी एकाच ओळीत आल्या आहेत.

गेल्या दिवाळीत एका क्लायंटबरोबर मी अशा फिटिंगला गेले होते. बिलाचा आकडा ऐकून त्यांच्या मुलाने मला फोन केला होता, म्हणून. एका बाजूला जाळी, खाली हिरवी मॅट, चेंडूशेजारी लाँच मॉनिटरचा, म्हणजे चेंडूचा वेग आणि अंतर मोजणाऱ्या यंत्राचा डबा. फिटरने सात नंबरच्या आयर्नच्या तळाला टेप चिकटवली आणि चेंडूखाली प्लॅस्टिकची फळी ठेवली. पाच फटके झाले. टेपवर फळीचे पाच ओरखडे, पाचही टाचेकडे गोळा झालेले. सोलापुरी चादरीच्या काठासारखे एका रांगेत! त्याने क्लबचं डोकं बदललं, दोन अंश सपाट लायचं लावलं, नवी टेप. ओरखडे मधे सरकले आणि पडद्यावर चेंडूची रेघ सरळ झाली. एवढ्याला दहा मिनिटं लागली. तिथपर्यंत मी खूश होते.

मग ड्रायव्हर निघाला. चाळीसएक चेंडू मारून झाले होते, साहेबांना घाम फुटला होता, शर्ट पाठीला चिकटला होता. नव्या ड्रायव्हरने एक चेंडू जुन्यापेक्षा खूप लांब गेला आणि पडद्यावरचा तो आकडा सगळ्यांनी मोठ्याने वाचला. मी म्हटलं, बाकीच्यांची सरासरी काढा. सरासरीत फरक चार-पाच यार्डांचा निघाला. एका वर्षाचा परतावा दाखवून फंड विकतात ना, तोच खेळ.

ताईंनी खरेदीचे दोन भाग करावेत असं मला त्या दिवशीच्या अनुभवावरून वाटतं. तुमच्या मापातल्या काही गोष्टी बदलणार नाहीत: उंची, मनगटापासून जमिनीपर्यंतचं अंतर, तळहाताचा आकार. आयर्नची लांबी, ग्रिपची जाडी आणि बऱ्याच अंशी लाय यावरून ठरतं. आज मोजलं काय आणि तीन वर्षांनी मोजलं काय, आकडे जवळपास तेच. याउलट स्विंगचा वेग, क्लब चेंडूवर खालून येतो की वरून, किती अंश वळतो, हे दीड वर्षाच्या खेळाडूचं दर सहा महिन्यांनी बदलतं. ड्रायव्हरचा लॉफ्ट (चेहऱ्याचा मागे झुकलेला कोन) आणि शाफ्टचा, म्हणजे दांड्याचा, कडकपणा यावर बेतलेला असतो. म्हणजे ५२,००० चा ड्रायव्हर आज ज्या स्विंगसाठी बसवला जाईल, तो स्विंग पुढच्या पावसाळ्यापर्यंत टिकेल याची खात्री कोच तरी देईल का? आयर्नच्या शाफ्टलाही हा धोका थोडा आहेच, पण मिस्टरांच्या कडक स्टीलपेक्षा हलका ग्रॅफाइट तुम्हाला कधीही बरा.

गोल्फचा नियमही इथे आपल्या बाजूने आहे. बॅगेत १४ पेक्षा जास्त क्लब नकोत असं तो म्हणतो, कमी असू नयेत असं कुठेही म्हणत नाही. सात आयर्न आणि पटर एवढ्यावर फेरी होते. टी-शॉटला, म्हणजे होलच्या पहिल्या फटक्याला, अंतर कमी पडेल, पडू दे. ज्या अदितीमुळे तुम्ही या वाटेला लागलात, ती टोकियोत चौथी आली ती लांब फटक्यांवर नाही, पटिंगवर. पार ७२ च्या, म्हणजे अठरा होल ७२ फटक्यांत अपेक्षित असलेल्या, कोर्सवर हिशोबच असा असतो की ७२ पैकी ३६ फटके हिरवळीवरचे, म्हणजे पटरचे. म्हणून पटर मात्र आत्ताच, तुमच्या लांबीचा. २१,००० मला जास्त वाटतात, त्याहून स्वस्तातला तुमच्या मापाचा मिळतो का ते विचारा. पण धरून चालू.

आयर्न आणि पटर मिळून १,२६,०००. बॅग मिस्टरांची, तिला माप लागत नाही. महिन्याला दोन फेऱ्या म्हणजे सहा वर्षांत १४४. पूर्ण सेट घेतला तर दर फेरीला १,६६७ रुपये पडतात, अर्धा घेतला तर ८७५. खेळाचा बाकी खर्च, म्हणजे फी, कॅडी, रेंजचे चेंडू, ताईंच्याच आकड्याने महिना ६,५००, म्हणजे सहा वर्षांत ४,६८,०००. खरी चैन म्हणायची तर ती ही आहे, आणि ती त्यांनी दीड वर्षापूर्वीच ठरवून टाकली. एवढा खर्च चुकीच्या काठीने डावीकडे मारायला करायचा, याला मी तरी काटकसर म्हणणार नाही.

उरतात २,२४,०००. तुम्हाला वाटत असेल मी गृहकर्जाकडे बोट दाखवणार. दाखवलं असतं. पूर्ण २,४०,००० आज मुद्दलात भरले आणि हप्ता तोच ठेवला, तर सुमारे अठरा हप्ते कमी होतात आणि दीड लाखाच्या वर व्याज वाचतं. फ्लोटिंग दराच्या वैयक्तिक गृहकर्जाला मुदतपूर्व भरण्याचा दंडही नसतो. पण तुमच्या पत्रात मला कर्जापेक्षा जास्त खुपलं ते दुसरंच. महिना १,१०,००० खर्च आणि हाताशी २,२०,०००. म्हणजे फक्त दोन महिने. पन्नाशी ओलांडलेल्या आयटीतल्या माणसाला नोकरी गेली तर दुसरी दोन महिन्यांत मिळते असं मी गेल्या काही वर्षांत फारसं पाहिलेलं नाही. कर्जात भरलेले पैसे अडीअडचणीला बँक परत देत नाही, तुमचं खातं ओव्हरड्राफ्टसारखं असेल तर गोष्ट वेगळी. म्हणून उरलेले सगळे लिक्विड फंडात किंवा एफडीत. तरी चारच महिने होतात, सहा व्हायला हवेत. ते पुढच्या बोनसमधून, आणि मगच ड्रायव्हर. ड्रायव्हर वर्षभर थांबावा यामागे स्विंगबरोबर हेही एक कारण आहे.

बोनस लांबला तर मुलाच्या फंडातून तात्पुरते काढू का, असं तुम्ही शेवटी कोपऱ्यात विचारलंय. नाही. उलट तो पैसा दोन वर्षांत लागणार असेल तर तो अजून इक्विटीत का आहे, हे माझं तुम्हाला विचारणं आहे. टप्प्याटप्प्याने सुरक्षित जागी हलवायला लागा. एका आर्थिक वर्षात इक्विटीच्या १,२५,००० पर्यंतच्या दीर्घकालीन नफ्यावर कर नाही, त्यापुढच्या नफ्यावर साडेबारा टक्के. तेव्हा मार्चच्या आत एक टप्पा आणि एप्रिलनंतर दुसरा, असं केलंत तर ती सवलत दोनदा मिळते.

दुकानाच्या नो-कॉस्ट ईएमआयबद्दल थोडक्यात: रोख दिल्यावर किती कमी कराल ते आधी विचारा. जी सूट मिळत नाही, तेच त्याचं व्याज. वर प्रोसेसिंग फी आणि व्याजाच्या भागावर १८ टक्के जीएसटी वेगळा. गोल्फ किटवर टीसीएस (विक्रेत्याने बिलातच गोळा करायचा आयकर) लागतो असं मैत्रिणीने सांगितलंय ते खरं आहे, २२ एप्रिल २०२५ पासून, पण किंमत दहा लाखांच्या वर असेल तर एक टक्का. तुमच्या बिलाला त्याची झळ नाही, आणि ज्यांना लागतो त्यांनाही तो रिटर्नमध्ये वळता करून घेता येतो.

राहिली ती ६,००० ची फी. "इथे घेतलंत तर फुकट" हे वाक्य माझ्या धंद्यातही रोज ऐकू येतं. फुकट सल्ला देणाऱ्याचा पगार कोणत्या खिशातून निघतो ते बघायचं असतं. तेव्हा फी वेगळी भरा, वेगळी पावती घ्या आणि मापांचा कागद हातात मागा: प्रत्येक क्लबची लांबी, लाय, लॉफ्ट, शाफ्टचं वजन आणि कडकपणा, ग्रिपचा आकार. चष्म्याचा नंबर एकीकडे काढून फ्रेम दुसरीकडे घेतो तसं. कागद द्यायला खळखळ केली तर दुकान बदला. कागद दिला आणि भावही रास्त असला तर तिथेच घ्या, कारण पुढे लाय अंशभर वाकवायला, ग्रिप बदलायला माणूस जवळ हवा. अमेरिकेतल्या कुणा भावाकडून आणवलेल्या सेटला ती सोय नाही, कस्टमची कटकट आहे ती निराळी. वेळ शनिवारी सकाळची घ्या, ऑफिसनंतरची नको. थकलेल्या हाताचं माप वेगळं येतं.

आणि मिस्टरांना घेऊन जा. त्यांच्या सेटवर कात्री चालवायचा विषय काढू नका. स्टीलचा शाफ्ट कापला की आणखी कडक होतो आणि डोकं हातात हलकं लागतं, शिवाय घरात भांडण. फक्त तुमच्या मापाचा सात नंबर त्यांच्या हातात द्या आणि मॅटवर उभं राहायला सांगा. स्विंग करायची गरज नाही, पाठ सांभाळायला हवी. नुसतं वाकून चेंडूमागे क्लब टेकवू देत.