पाया एक, मग घोळके दोन का?

प्रश्न : आमची ऐरोलीची मराठी ख्रिस्ती मंडळी (चर्च) वाढली आहे, पण नगर-जालन्याकडून आलेली जुनी कुटुंबे पेटी-तबल्यावरच्या भजनांचा आग्रह धरतात, तर तरुण गिटारचा. उपासनेनंतरचा चहासुद्धा दोन घोळक्यांत होतो. ऐक्य कसे साधावे?
— एक वाचक, नवी मुंबई

उत्तर : चहाचा उल्लेख केलात हे बरे झाले; फूट वेदीपेक्षा तिथेच आधी दिसते. करिंथ या प्राचीन ग्रीक शहरातल्या मंडळीत ‘मी पौलाचा’, ‘मी अपुल्लोसाचा’ असे तिथल्या दोन शिक्षकांच्या नावाने गट पडले, तेव्हा प्रेषित पौलाने स्वतःच्या गटाचीही बाजू न घेता, रोप आपण लावले, अपुल्लोसाने पाणी घातले, पण वाढ देवाने दिली, असे सांगून येशू ख्रिस्तावाचून दुसरा पाया घालता येत नाही, हे बजावले (बायबल, १ करिंथ ३). पाया एक म्हणून भिंतींचा रंगही एकच हवा, असे तो म्हणत नाही. १९७० साली नागपुरात सहा वेगवेगळ्या चर्च-संघटनांच्या एकीकरणातून उत्तर भारताची मंडळी, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया (सीएनआय), स्थापन झाली, तेव्हा बालकांचा आणि प्रौढांचा अशा बाप्तिस्म्याच्या दोन्ही पद्धतींना जागा ठेवली गेली. त्यामानाने गिटारचा वाद किरकोळच. तबलजी आणि गिटारवादक यांना शनिवारी एकाच गीताच्या सरावाला बसवा, आणि ज्यांच्यात अबोला आहे त्यांनी प्रभुभोजनापूर्वी (उपासनेतल्या भाकर-द्राक्षारसाच्या विधीपूर्वी) एकमेकांशी बोलावे, असे पाळकांना सुचवा.