लेकरांचे फोटो: सुरुवातीला एवढंच बघा

ताई, नवीन लेन्सचा विचार सध्या सोडा, आहे तो कॅमेरा पुरे. आधी 'इकडे बघ, हस बरं' बंद करा. ते ऐकलं की पोरं दात विचकतात आणि रंगलेला खेळ मोडतो.

- गुडघ्यावर बसा, जमलं तर फरशीवर आडव्या व्हा. उभ्याने काढलं की नुसते टाळू येतात.
- फ्लॅश बंद. खिडकीपाशी खेळू द्या.
- धावपळीत शटरचा वेग १/५०० सेकंदाच्या आसपास ठेवा. अंधारलं तर आयएसओ (प्रकाश टिपायची संवेदनशीलता) बिनधास्त वाढवा. फोटोत थोडे दाणे (बारीक ठिपके) चालतात, हललेला चेहरा नाही.

वरणभाताने माखलेलं तोंड पुसायला धावू नका, आधी फोटो! रॉ (कॅमेऱ्यातली कच्ची फाईल), एडिटिंग नंतर बघू. आंघोळीचे फोटो मात्र स्टेटसला नकोत.